माशांची हजेरी

रानातील झाडे मोजता येतात. पक्षी पाहून त्यांची नोंद ठेवता येते. वाघ दृष्टीस पडला नाही, तरी ओल्या मातीत उमटलेले त्याचे पाऊल तो येथून गेल्याचे सांगते. परंतु एखाद्या तळ्यात किंवा नदीत कोणकोणते मासे राहतात, हे काठावर उभे राहून कसे कळावे? पाण्यात पाऊल उमटत नाही. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी ‘नुस्ते’ हा शब्द दिवसातून दोन वेळा तरी उच्चारला जातो. पण आमची ओळख असते ती जाळ्यात सापडलेल्या नुस्त्याशी. जे सापडले नाही त्याची चौकशी कोण करतो?

मत्स्यशास्त्रज्ञांची अवस्थाही पुष्कळ काळ याहून फारशी निराळी नव्हती. पाण्यातील जाती जाणून घ्यावयाच्या तर जाळे टाकावयाचे, हाच मुख्य मार्ग. पण जाळे सर्वांना सारखे धरीत नाही. बारीक मासा त्याच्या घरांतून निसटतो, सर्पासारखे अंग असलेला अहिर सहज सरकून जातो, तळाशी दगडांत दडणारा मासा जाळ्याच्या वाटेला जातच नाही. शिवाय ज्या जाळ्यात माशाचे कल्ले अडकतात, त्यातून तो बहुधा जिवंत सुटत नाही. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी वर येणारे चढणीचे मासे नेमके त्याच वेळी पकडले जातात, हे आमच्या वाचकांना सांगावयास नकोच. खाण्यासाठी धरणे निराळे. परंतु एखादी जात दुर्मिळ झाली आहे की काय, हे ठरविण्यासाठी तिच्यातलेच उरलेसुरले मासे मारावे लागणे, ही मोठी विचित्र स्थिती होय.

या अडचणीतून गेल्या काही वर्षांत एक वाट निघाली आहे. मासे धरावयाचे नाहीत, केवळ पाणी भरून आणावयाचे!

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो आणि त्या जीवाची घडण त्यात चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेली असते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मासा पाण्यात वावरताना त्याच्या अंगावरची बुळबुळ, सुटलेले खवले, विष्ठा यांतून त्याच्या पेशी सतत पाण्यात मिसळत राहतात. त्यांतील डीएनएला ‘पर्यावरणीय डीएनए’ असे म्हणतात. ऊन, उष्णता आणि सूक्ष्म जंतू यांमुळे तो झपाट्याने विरतो. तळ्याच्या पाण्यात काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. हे विरणे उपकारकच म्हणावयाचे. कारण पाण्यात जे सापडते ते बहुधा अलीकडचे असते, दहा वर्षांपूर्वीचे नव्हे. २००८ साली फ्रान्समधील संशोधकांनी तळ्यांच्या पाण्यावरून एका परदेशी अमेरिकन बेडकाचा पत्ता लावून दाखविला आणि तेव्हापासून हा मार्ग पाण्यातील प्राण्यांसाठी मोकळा झाला.

आम्ही भाषेचे शिक्षक. प्रयोगशाळेत आमचे जाणे क्वचितच. म्हणून पुढची गोष्ट आमच्याच विषयातील दाखल्याने सांगतो. समजा, एखाद्या जुन्या वाड्यात कुजलेल्या पोथ्यांचा ढीग सापडला. पूर्ण अभंग एकही नाही, नुसत्या चिंध्या. तरीही एका तुकड्यावर ‘तुका म्हणे’, दुसऱ्यावर ‘एका जनार्दनी’ एवढीच अक्षरे शाबूत असली, तर जाणकार तत्काळ सांगेल की, या ढिगात तुकोबांचे आणि एकनाथांचे अभंग होते. माशांच्या डीएनएतही अशी नाममुद्रा असते. पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म अवयवांत एक वेगळा, लहानसा डीएनए असतो. एका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असल्यामुळे त्यातील काही सापडण्याचा संभव अधिक. त्यात काही भाग असे आहेत की, त्यांच्या दोन्ही कडा बहुतेक सर्व माशांत सारख्या, पण मधली अक्षरे जातीजातीला वेगळी. कडांवरून तो भाग हुडकून काढावयाचा आणि मधल्या अक्षरांवरून नाव ओळखावयाचे.

अर्थात बाटलीभर पाण्यात हा ऐवज अगदी अल्प असतो. पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणकागदातून गाळतात, कागदावर राहिलेला डीएनए वेगळा करतात आणि मग हव्या त्या भागाच्या नकला काढतात. तापविले की डीएनएचे दोन पदर सुटतात, निवविले की प्रत्येक पदरावर नवा जोडीदार बांधता येतो. म्हणजे दर फेरीला संख्या दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट आठवा. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात! हे बांधकाम करणारे विकर इतक्या उष्णतेत टिकते, कारण ते मुळात अमेरिकेतील यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांत, सापडलेल्या एका जंतूपासून मिळाले. नकला तयार झाल्या की यंत्र त्या वाचते, आणि वाचलेली अक्षरे ज्ञात माशांच्या संग्रहाशी ताडून पाहिली जातात.

याची खरी परीक्षा झाली ती इंग्लंडातील विंडरमियर येथे. सुमारे १७ किलोमीटर लांबीचे हे त्या देशातील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. तेथील माशांचा अभ्यास १९४० च्या दशकापासून अखंड चालू आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नाची टंचाई होती, तेव्हा तेथील पर्च नावाचे मासे सापळ्यांनी धरून डब्यांत भरून विकले गेले होते. पुढे १९७६ साली रोगाची साथ येऊन याच पर्चचा फार मोठा भाग मेला, तेही नोंदींत आहे. हिमयुगापासून त्या खोल, थंड पाण्यात टिकून राहिलेला आर्क्टिक चार हा मासा अलीकडे कसा घटत गेला, हेही तेथील अभ्यासकांना ठाऊक आहे. थोडक्यात, उत्तर आधीच माहीत असलेले हे गणित होते. नवी रीत ते बरोबर सोडविते काय, एवढेच पाहावयाचे होते. संशोधकांनी विंडरमियर आणि शेजारची दोन सरोवरे मिळून दोन-दोन लिटर पाण्याचे ७८ नमुने घेतले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विंडरमियरमध्ये आजवर नोंदलेल्या १६ जातींपैकी १४ पाण्यावरून ओळखल्या गेल्या होत्या. त्याआधीच्या अगदी अलीकडच्या जाळ्याच्या पाहणीत किती सापडल्या होत्या? अवघ्या ४! इतकेच नव्हे, तर कोणती जात अधिक आणि कोणती कमी, हा क्रमही जुन्या नोंदींशी बराचसा जुळला.

तथापि ही केवळ हजेरी आहे, प्रगतिपुस्तक नव्हे. मासा लहान की मोठा, निरोगी की आजारी, हे पाणी सांगत नाही. मेलेल्या माशाचाही डीएनए पाण्यात उतरतो. मासे खाणारा पक्षी एका तळ्यातील ऐवज विष्ठेवाटे दुसऱ्या तळ्यात टाकतो. नदीत तर तो प्रवाहाबरोबर कित्येक किलोमीटर खाली जातो. हात लावणाऱ्याच्या निष्काळजीपणाने एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात गेला की सर्वच फसले. म्हणून शुद्ध पाण्याचा एक नमुनाही मुद्दाम बरोबर नेतात आणि त्यात काही निघत नाही ना, हे पाहतात. अमेरिकेत शिकागोजवळच्या कालव्यांत आशियाई कार्प मासे महासरोवरांकडे सरकू नयेत म्हणून पाण्यात विजेचा अडसर घातलेला आहे. २००९ साली त्या अडसराच्या पलीकडे कार्पचा डीएनए मिळाला, तेव्हा मोठा वाद माजला, प्रकरण न्यायालयात गेले. डीएनए म्हणजे मासा नव्हे, असे एका पक्षाचे म्हणणे. २०१० साली पलीकडे एक जिवंत कार्प जाळ्यात सापडला. पण इतर सर्व नमुन्यांतील डीएनएही जिवंत माशांचाच होता, हे त्या एकट्या माशाने सिद्ध होत नाही.

आणखी एक अडचण आमच्या दाखल्यातच दडलेली आहे. ‘नामा’ ही मुद्रा एकट्या नामदेवांची नव्हे; विष्णुदास नामाही होऊन गेला, आणि कोणता अभंग कोणाचा यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातले आहेत. निकटच्या माशांचेही तसेच. दोन जातींची अक्षरे त्या आखूड भागात एकसारखी असली, तर यंत्र त्यांना वेगळे करू शकत नाही. आणि ज्या कवीचे नावच संग्रहात नाही, त्याची मुद्रा वाचूनही ओळखणार कशी? सह्याद्रीतील नद्यांत जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या माशांच्या अनेक जाती आहेत. त्यांतील ज्या जातीची अक्षरे संग्रहात नोंदलेली नाहीत, ती पाण्यातून वाचली गेली तरी निनावीच राहते. तिचे नाव तेथे लागावे म्हणून एकदा तरी तो मासा हाती घ्यावाच लागतो. खवले आणि पर निरखून त्याची जात ठरविणारा जाणकार तेथे लागतो, आणि मग त्या माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून मद्यार्कात बुडवून ठेवतात.