जुन्या संगणकांतील कॅशची जुळणी



‘कॅश’ या शब्दानें कोणाची फसगत होऊं नये म्हणून आरंभींच सांगतों, कीं आजच्या विषयांतील कॅशचा पेटींतल्या रोकडीशीं कांहीं संबंध नाहीं. हा शब्द मूळ फ्रेंच असून ‘दडवून ठेवण्याची जागा’ असा त्याचा अर्थ आहे. देवनागरींत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात. हा दोष आपल्या लिपीचा कीं इंग्रजी उच्चारांचा, हा वाद तूर्त बाजूस ठेवूं.

१९८९ सालीं इंटेल कंपनीनें ४८६ नांवाचा प्रोसेसर बाजारांत आणला. त्यावर चालणारीं यंत्रें आज अडगळींत पडलेलीं आहेत. परंतु कांहीं मजकूर असा असतो, कीं तो वाचावयाचा तर त्याच यंत्रापाशीं जावें लागतें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें जिस्ट कार्ड बसवून ज्यांनीं डॉसवर मराठी लेखन केलें, त्यांना माझें म्हणणें पटेल. अशा यंत्राची कॅश चुकीची जुळविली तर तें मंद चालतें, आणि प्रसंगीं त्याहून वाईट म्हणजे खोटें चालतें.

स्वयंपाकघराचेंच उदाहरण घ्या. फोडणीचें तेल तापलें असतां मोहरी आणावयास कोठीच्या खोलींत जावें लागलें, तर तेल जळून जाईल. म्हणून मिसळणाचा डबा चुलीशेजारीं असतो, रोजच्या जिनसा फडताळांत असतात, आणि पोतीं तेवढीं कोठींत. ४८६ च्या पोटांत ८ किलोबाइटांची कॅश असते. तो मिसळणाचा डबा. मदरबोर्डावर बहुधा १२८ किंवा २५६ किलोबाइटांची दुसरी कॅश असते, तें फडताळ. मुख्य मेमरी ही कोठी. ३३ मेगाहर्ट्झच्या बोर्डावर एक ठोका ३० नॅनोसेकंदांचा असतो. मुख्य मेमरीच्या चिपा ७० नॅनोसेकंदांच्या, तर कॅशच्या १५ वा २० च्या. फडताळ कां हवें, हें या आंकड्यांवरूनच उघड होतें.

हें फडताळ पुष्कळ बोर्डांवर वाढवितां येतें. ३२ किलोबाइटांच्या चार चिपा बसविल्या म्हणजे १२८ झाले, आठ बसविल्या म्हणजे २५६. त्यांखेरीज आणखी एक चिप लागते; तिला ‘टॅग’ म्हणतात. कोणत्या खणांत कोठीचा कोणता जिन्नस आहे, याची नोंद ती ठेवते. चिप २८ पायांची आणि खोबण ३२ छिद्रांची असेल, तर खांचेकडील चार छिद्रें मोकळीं सोडावीं. बसवितांना एकादा पाय आंत दुमडतो व वरून दिसत नाहीं. म्हणून घाई करूं नये. मग जंपर, म्हणजे दोन खिळे जोडणारी बोंडाएवढी टोपी. ते कोठें लावावे याचा तक्ता बोर्डावर छापलेला असतो किंवा माहितीपत्रकांत सांपडतो. शेजाऱ्याच्या बोर्डाचा तक्ता आपल्या बोर्डास लावूं नये.

येथें एका लबाडीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. १९९५ च्या सुमारास कांहीं बोर्डांवर कॅशच्या जागीं निव्वळ प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे बसविलेले असत, आणि यंत्र सुरू होतांना पडद्यावर मात्र ‘२५६’ हा आंकडा ऐटींत झळके! परीक्षा सोपी आहे. बायॉसमध्यें बाहेरची कॅश बंद करावी, मेमरीचा वेग मोजावा. पुन्हा चालू करून मोजावा. फरक पडला नाहीं, तर फडताळ रिकामें आहे किंवा मुळींच नाहीं.

बायॉसमध्यें ‘२-१-१-१’ किंवा ‘३-२-२-२’ अशा आंकड्यांची एक ओळ दिसते. प्रोसेसर कॅशमधून एका वेळीं १६ बाइटांची ओळ चार हप्त्यांनीं उचलतो. प्रत्येक हप्त्यास किती ठोके द्यावयाचे, तें हे आंकडे सांगतात. पहिल्या रीतीनें पांच ठोके लागतात, दुसरीनें नऊ. मोह पांचाचा होतो. पण ५० मेगाहर्ट्झच्या बोर्डावर ठोका २० नॅनोसेकंदांवर येतो, आणि २० नॅनोसेकंदांच्या चिपेला श्वास घेण्यास सवड उरत नाहीं. आधीं सावकाश आंकडे ठेवावे, मग एकेक पायरी उतरावी.

खरी गोम लिहिण्याच्या रीतींत आहे. दुकानदार उधारी कच्च्या टिपणांत व पक्क्या वहींत एकदमच मांडूं शकतो, ही ‘राइट-थ्रू’. किंवा दिवसभर टिपणावर भागवून सवडीनें वहींत उतरवितो, ही ‘राइट-बॅक’. दुसरी चपळ खरी, परंतु कोणतें टिपण उतरवावयाचें राहिलें आहे, याची खूण ठेवावी लागते. पुष्कळ बोर्डांत ही खूण टॅगच्या आठ बिटांपैकीं एक खाऊन टाकते. त्यामुळें २५६ किलोबाइटांची कॅश राइट-थ्रूनें ६४ मेगाबाइट मेमरी सांभाळते, ती राइट-बॅकनें ३२ च सांभाळूं शकते. मेमरी वाढविल्यावर यंत्र मंदावलें, अशी तक्रार ऐकूं येते तिचें कारण बहुधा हेंच.

आणि फ्लॉपीचा व्यवहार तर प्रोसेसरला न विचारतां थेट पक्क्या वहीशीं चालतो. प्रोसेसरची आंतली कॅश राइट-बॅक असली आणि बोर्डाला तिच्यावर नजर ठेवतां येत नसली, तर फ्लॉपीला वहींतली शिळी नोंद मिळते.

हें मीं पुस्तकांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें. माझ्या एका दिवंगत सहकाऱ्यानें जात्यावरच्या ओव्या जमवून जिस्टवर उतरविल्या होत्या. त्यांच्या फ्लॉप्या वाचण्यासाठीं मीं एका जुन्या बोर्डावर १९९५ सालचा ए.एम.डी. कंपनीचा ५एक्स८६ प्रोसेसर चढविला आणि जंपर हौसेनें राइट-बॅकवर लावला. यंत्र झपाट्यानें चालूं लागलें. डॉस चाले, खेळ चालत, आंकडे उत्तम येत. वाचतांना कोठें कोठें ओवीच्या मध्येंच भलतींच अक्षरें आलीं, तीं मीं फ्लॉपी जुनी झाल्याचीं लक्षणें समजलों. एका फ्लॉपींतील शुद्धलेखन तेवढें सुधारलें आणि तिच्यावरच पुन्हा सांठविलें.

जंपर राइट-थ्रूवर आणल्यावर बाकीच्या फ्लॉप्या निर्मळ वाचल्या गेल्या. सुधारलेल्या फ्लॉपीवरच्या अकरा ओव्या मात्र गेल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती, आणि सांगणाऱ्या बायाहि आतां हयात नाहींत.

तेव्हांपासून जंपर हलविला, कीं मीं प्रथम एक कोरी फ्लॉपी घेतों. तिच्यावर कांहीं मोठा मजकूर लिहितों, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतों, आणि डॉसच्या ‘एफ.सी.’ या आज्ञेनें दोन्ही प्रती अक्षरशः ताडून पाहतों. असें पांच वेळां झाल्यावांचून जपावयाची फ्लॉपी त्या यंत्रांत घालीत नाहीं. आणि घातली तरी तिची लेखनबंदीची खिडकी आधीं उघडी करून घेतों.