भैरवी नसलेली मैफल

2008 साली अमेरिकेत ‘रॉक बँड 2’ नावाचा व्हिडिओ गेम आला. हातात प्लास्टिकची गिटार, समोर ड्रम किंवा माइक घ्यायचा आणि पडद्यावर सरकत येणाऱ्या खुणांबरोबर अचूक ठोका जुळवायचा, असा हा खेळ. त्यात बरीच मजल मारल्यावर एक खास प्रकार खुला होतो. गेममधली सगळी, म्हणजे 84 गाणी एकामागून एक वाजवायची. मध्ये एकदाही न थांबता आणि नापास न होता ती पूर्ण केली, तर एक मानचिन्ह मिळते. त्याचे नाव ‘पोलादी मूत्राशय पुरस्कार’! ही गाणी संपायला सहा तासांहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे नाव गमतीचे असले, तरी चुकीचे नाही.

तालावर चालणाऱ्या गेममध्ये असे ‘न संपणारे’ प्रकार बरेच आहेत. जपानी कंपनी कोनामीचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा पायांनी खेळायचा गेम 1998 मध्ये आला. त्याच्या घरगुती आवृत्त्यांमध्ये चूक होऊन बाद होईपर्यंत गाणी सुरूच राहतात. निन्टेन्डोच्या ‘रिदम हेवन’मध्ये नेहमीच्या फेऱ्यांत पदके मिळवली की असे न संपणारे खेळ बक्षीस म्हणून उघडतात. आज मुलांच्या हातातल्या फोनवर काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवण्याचे जे पियानोचे खेळ असतात, त्यातही हीच युक्ती दिसते. गाणे संपले की तेच पुन्हा, पण अधिक वेगाने सुरू होते. येथे जिंकणे नसतेच. चुकेपर्यंत खेळायचे, किती गुण झाले ते पाहायचे आणि पुन्हा सुरुवात करायची.

हे इतके ओढून का घेते, याचे उत्तर मेंदूच्या कामात आहे. ठोका ऐकू आल्यावर बोट हलवायचे ठरवले, तर उशीर होतो. ऐकण्यापासून हालचालीपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग निघून जातो. म्हणून मेंदू पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज आधीच बांधतो. लयदर्शकाच्या टिकटिकीबरोबर टिचकी मारायला सांगितले, तर बहुतेक माणसे टिकटिकीच्या किंचित आधीच टिचकी मारतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. लघुमेंदू आणि मेंदूच्या गाभ्यातील काही केंद्रे या कामात गुंतलेली असतात. अंदाज बरोबर आला की समाधान मिळते. अपेक्षेपेक्षा जास्त चांगले घडले, तर डोपामिन या रसायनाची लाट उसळते. ताल-खेळात असा निकाल मिनिटाला शेकडो वेळा लागतो.

दुसरे कारण ‘थोडक्यात हुकले’ या भावनेत आहे. केंब्रिजमधील संशोधकांनी 2009 मध्ये जुगाराच्या यंत्रासारख्या खेळावर अभ्यास केला. थोडक्यात हुकलेला डाव हा हरलेलाच डाव असतो. तरीही त्या वेळी मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग जागे होत होते आणि आणखी खेळावेसे वाटत होते. जुगारात हा निव्वळ भास असतो, कारण पुढचा डाव नशिबाचाच असतो. ताल-खेळात मात्र थोडक्यात हुकणे खरोखरच काही सांगते. सरावाने हात सुधारतो. म्हणून ‘आणखी एकदाच’ हे वाक्य येथे अधिक पटते आणि घड्याळाकडे लक्ष जात नाही.

तिसरे कारण सर्वांत साधे. थांबण्याची जागाच काढून टाकलेली असते. पुस्तकात प्रकरण संपते, मालिकेचा भाग संपतो. आपल्याकडे मैफलीत भैरवी सुरू झाली की श्रोत्यांना उठायची वेळ कळते. अमर्याद खेळात ही खूण नसते. कधी थांबायचे हे शरीराने सांगायचे असते आणि शरीराचे ऐकणे त्या वेळी बंद असते.

शरीर मात्र हिशेब ठेवते. 1990 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. सलग पाच तास व्हिडिओ गेम खेळलेल्या 35 वर्षांच्या महिलेच्या उजव्या अंगठ्याची कंडरा दुखावली होती. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. बोटाची एकच हालचाल हजारो वेळा झाली की ती आणि तिच्यावरचे आवरण सुजते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला होणाऱ्या अशा दुखण्याला ‘डी क्वेर्वेन’ म्हणतात. एका स्विस शल्यचिकित्सकाने 1895 मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणजे व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधी. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवल्यावर तीव्र कळ आली, तर डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीलाच विश्रांती दिली तर हे दुखणे बहुधा आटोक्यात येते. दुखत असताना खेळत राहिले तर रेंगाळते.

लघवी दाबून ठेवण्याचेही तसेच. प्रौढांच्या मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते आणि त्याच्या निम्म्याहून कमी भरले तरी पहिली जाणीव होते. निरोगी माणसाने एखाद्या दिवशी दाबून धरले म्हणून काही बिघडत नाही. पण रोजची सवय लागली, उठावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायले, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाला आणि मुतखड्याला वाट मिळते. मुलांमध्ये याच सवयीतून बद्धकोष्ठता आणि कपड्यांत लघवी होण्याच्या तक्रारीही दिसतात.

तिसरा अवयव कान. ताल पकडायचा म्हणून हेडफोन आणि आवाज दोन्ही चढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक आहे, मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. खेळानंतर कानात गुणगुण होत असेल, तर तो इशारा समजावा.

म्हणजे हे खेळ वाईटच, असे मात्र नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांमधील लठ्ठपणाला तोंड देण्यासाठी ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आपल्या सर्व 765 सरकारी शाळांत नेण्याची योजना 2006 मध्ये जाहीर केली होती. मैदानावर मागे राहणारी मुलेही या खेळात घाम गाळतात. खेळ तोच, पण पायांनी आणि ठरावीक वेळ खेळला की व्यायाम ठरतो.

सवय केव्हा आजार होते, याचे निकषही स्पष्ट आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्याच्या वर खेळाला स्थान देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तिन्ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा नाती बिघडली, तरच हे निदान करतात. सुट्टीत दोन दिवस फोनला चिकटलेल्या मुलाला व्यसनी ठरवण्याची घाई करू नये.

मग करायचे काय? ‘बंद कर’ असे मध्येच ओरडण्यापेक्षा ‘ही फेरी झाली की उठ’ असे आधी ठरवणे मुलांना मान्य होते, कारण फेरी अर्धवट सोडणे त्यांना खरोखर जड जाते. वेळेऐवजी फेऱ्यांची संख्या ठरवा. अर्ध्या तासाने उठणे, मनगट मोकळे करणे, पाणी पिणे, लघवीला जाऊन येणे हे खेळाच्या नियमांतच धरा.

आणि उच्चांकासाठी जागणाऱ्यांना एक गोष्ट जरूर सांगा. 2002 मध्ये हार्वर्डमधील मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवले. रात्रीच्या झोपेनंतर त्यांचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढला. तेवढाच वेळ जागे राहिल्यावर मात्र फारशी सुधारणा दिसली नाही. हा परिणाम नेमका किती मोठा, यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले. पण थकलेले बोट ठोका चुकवते आणि झोप शिकलेले पक्के करते, हे मुलांना स्वतःच्या गुणांवरूनच पडताळता येईल. रात्री अडीच वाजता हुकलेला उच्चांक सकाळी सातला हाती लागण्याची शक्यता जास्त. खेळात भैरवी नसेल, तर ती आपणच म्हणायची.