वाहणारा कान, कवटीवरची गाठ आणि जपून ठेवायचा ब्लॉक

मुलाचा कान फुटला की आधी थेंब, मग अँटिबायोटिक. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. एखाद्याचा कान मात्र महिनोन्‌महिने वाहत राहतो, डोक्यावर खपल्या धरतात, कवटीवर मऊसर गाठ हाताला लागते आणि एक्स-रेत तिथं हाडाला पंच मारल्यासारखं गोल भोक दिसतं. त्यातच मूल घटाघट पाणी पिऊ लागलं, सारखं लघवीला जाऊ लागलं, तर पिट्युटरी ग्रंथीही सापडल्याची शंका घ्यावी लागते.

हा लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस, म्हणजे एलसीएच. वर्षाला दहा लाख मुलांत साधारण पाच जणांना होणारा. इतका विरळा, की कोल्हापूरसारख्या शहरातल्या डॉक्टरांपुढेही क्वचितच येणार. निदान लांबतं ते यामुळंच.

हा कर्करोग की नुसती सूज, हा वाद अनेक दशकं चालला. 2010 साली बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतल्या संशोधकांनी 61 नमुने तपासले. त्यांतल्या 35 मध्ये बीरॅफ या जनुकात तोच एक बिघाड निघाला: 1799व्या जागी ‘टी’ऐवजी ‘ए’. एवढ्यानं प्रथिनातलं 600वं अमिनो आम्ल बदलतं. निरोगी बीरॅफ बाहेरून निरोप आला तरच पेशीला वाढीचा हुकूम देतं. बिघडलेलं बीरॅफ थांबतच नाही. हा बिघाड आईबापांकडून आलेला नसतो, त्या मुलाच्याच काही पेशींत घडलेला असतो. गरोदरपणात काय खाल्लं, कुणाची नजर लागली, असं आईला विचारणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

आजार पसरलेला असेल तर पहिला उपचार आजही व्हिनब्लास्टिन आणि स्टेरॉइडचाच, बहुधा वर्षभराचा. व्हिनब्लास्टिन मिळतं ते आपल्या परसातल्या सदाफुलीतून. पण पानांत ते अगदी नगण्य असतं, सोबत इतर विषारी द्रव्यंही असतात. म्हणून काढा करून मुलाला मुळीच पाजू नये.

या पहिल्या उपचारानं आजार हटला नाही, तर बिघडलेल्या बीरॅफलाच गाठणारं व्हेमुराफेनिब आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते दिलेल्या सगळ्या 54 मुलांना आठ आठवड्यांत गुण आला. मात्र ज्या 30 जणांचं औषध थांबवलं, त्यांतल्या 24 जणांत आजार उलटला. औषध बिघडलेल्या पेशींना दाबतं, मुळासकट काढत नाही. बीरॅफ ठीक असलेल्या काही रुग्णांत एमएपी2के1 हे जनुक बिघडलेलं सापडतं; तिथं व्हेमुराफेनिब कामाचं नाही, त्या जनुकापासून बनणाऱ्या मेक प्रथिनाला अडवणारं औषध लागतं.

कोणाला काय द्यायचं हे ठरतं गाठीच्या तुकड्यावरून. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं टिकतो आणि जनुकाची तपासणी बहुधा त्यावरच होते. तेव्हा मुंबईला टाटा रुग्णालयात जायचं ठरलं, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी लॅबमध्ये जाऊन रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्याव्यात.