अर्धांगवायू : खाटेवरचा व्यायाम रोग्याने स्वतः करावा



लागवड, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण या पत्रिकेत नेहमी वाचतो. या वेळी पायाविषयी लिहीत आहे, कारण हा प्रसंग माझ्याच घरात घडला.

ऐन गळिताचे दिवस होते. फडात तोड चालू होती. माझे थोरले बंधू बांधावर बसल्या जागी कलंडले. तोंड वाकडे झाले, बोलणे बोबडे आणि डावा हात-पाय लुळा. जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले, "वारं गेलं अंगावरून, तेल चोळा." कोणी कबुतराचे रक्त सुचविले. पुतण्याने कोणाचे ऐकले नाही. त्याने १०८ ला फोन करून रुग्णालय गाठले, हे फार बरे झाले. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. तेसुद्धा स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहिल्यावरच. म्हणून तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, जीभ जड होणे यांपैकी एक जरी खूण दिसली तरी वेळ दवडू नये.

जीव वाचला. खरी परीक्षा पुढे होती. दादा खाटेवर पडून छताकडे बघत. वहिनी पाणी पाजीत, कूस बदलीत, पाय उचलून ठेवीत. दादांना काही करूच देत नसत. दादा म्हणत, "खोडवा तरी फुटतो. ह्यो पाय आता फुटायचा नाही."

रोज अर्धा तास व्यायाम शिकवायला एक मुलगी येई. तिने हे ऐकले आणि सरळ सांगितले, "मामा, मी अर्धा तास येणार. बाकीचे साडेतेवीस तास तुमचे. आणि मामी, तुम्ही पाय उचलून दिला तर पाय शिकणार कधी?"

तिचे म्हणणे आपल्याला समजेल असे आहे. पाटाची एक चारी बुजली तर पाणी थांबते, पण बाजूने दांड काढून पुन्हा पुन्हा पाणी सोडले की तो दांड रुळतो. मेंदूचा जो भाग मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. शेजारचे भाग मात्र त्याचे काही काम शिकून घेऊ शकतात. त्यासाठी हुकूम रोग्याच्या मेंदूतून सुटला पाहिजे, तोही दिवसातून अनेक वेळा. दुसऱ्याने पाय हलविला तर सांधे आखडत नाहीत, एवढा फायदा जरूर होतो. पण शिकणे रोग्याच्या स्वतःच्या प्रयत्नानेच होते.

दादांना तिने नेमून दिलेला व्यायाम असा होता :

१) उताणे निजून पाऊल आपल्याकडे ओढणे व खाली सोडणे.
२) टाच चादरीवरून घसटत गुडघा मुडपणे आणि परत सरळ करणे.
३) गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून पाच आकडे मोजणे.
४) दोन्ही गुडघे उभे करून कंबर थोडी वर उचलणे.
५) बसता येऊ लागल्यावर खाटेच्या कडेला बसून गुडघा सरळ करणे.

प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून चार वेळा. श्वास कोंडायचा नाही. वहिनींनी घरून चिंचोके आणले. एक वेळ झाली की दादा चांगल्या हाताने एक चिंचोका वाटीत टाकीत. पहिल्या दिवशी अंगठासुद्धा हलला नाही, तरी चिंचोका पडला, कारण प्रयत्न झाला होता. सहाव्या दिवशी टाच चार बोटे सरकली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले.

आपल्याकडेच असे घडते असे नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील रुग्णालयांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तेथील अर्धांगवायूचे रुग्ण दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात पडून होते आणि ६० टक्क्यांहून अधिक वेळ एकटे होते. आपल्याकडे खाटेजवळ माणूस असतोच. हे मोठे भांडवल आहे. त्या माणसाने रोग्याचे काम स्वतः न करता मोजणी करावी, आठवण द्यावी आणि धीर द्यावा.

मात्र उतावळेपणा नको. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच देशांतील २,१०४ रुग्णांचा अभ्यास आला. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला उठवून वारंवार हालचाल करविली, तर फायद्याऐवजी तोटा होऊ शकतो, असे त्यात आढळले. म्हणून व्यायाम कधी सुरू करायचा आणि किती करायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. एकट्याने उभे राहू नये. लुळ्या हाताला धरून रोग्याला ओढू नये, खांदा निखळतो. पोटरी सुजली किंवा दुखू लागली तर चोळू नये, ताबडतोब सांगावे; तेथे गुठळी असू शकते. छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली तर व्यायाम तेथेच थांबवावा.

आज दादा काठी घेऊन बांधापर्यंत जातात. पाऊल अजून थोडे घासते आणि ट्रॅक्टरवर चढता येत नाही. सर्वांनाच एवढे साधेल असेही नाही. मेंदूला इजा किती झाली यावर ते अवलंबून असते. पण परवा खोडव्याला पाणी चालू असताना ते स्वतः बघायला गेले, आणि वहिनी घरी निवांत बसल्या होत्या.

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई येथे १९७४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे. कोणत्याही रुग्णालयातून घरी निघताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर व्यायामाची चिठ्ठीही मागून घ्यावी, आणि घरी आल्यावरही चिंचोक्यांची वाटी खाटेजवळच ठेवावी, ही सर्व सभासदांना विनंती.