मनीप्लांटचा सोनेरी रंग टिकवताना

घरात आणलेल्या मनीप्लांटच्या पानांवरील पिवळसर छटा काही महिन्यांत लोपते, अशी अनेकांची तक्रार असते. या फिकट भागात हरितद्रव्य अत्यल्प असते. प्रकाश अपुरा पडला, की नवी पाने अधिक हिरवी येतात. त्यामुळे कुंडी खिडकीजवळ, परंतु कडक उन्हापासून दूर ठेवावी; उन्हाने फिकट भाग करपतो. पूर्णतः हिरवी फांदी जोमाने वाढते, म्हणून ती शेवटच्या रंगीत पानाच्या वर छाटावी. वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे; अन्यथा मुळे कुजतात.

पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाचा दाह होतो. म्हणूनच लोंबत्या वेली लहान मुले आणि पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर असाव्यात.