स्पाइक मिलिगन : हसवणाऱ्या नटाचे युद्धस्मरण

अहमदनगरचे, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरचे, नाव मराठी आत्मकथनाच्या इतिहासात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे कायमचे कोरले गेले आहे, परंतु सोसलेले सांगताना हसू न सोडणारा आणखी एक मोठा आत्मकथनकार याच शहरात जन्मला, हेही नगरकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. ब्रिटिश रेडिओवरील विनोदी नट आणि लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी येथे झाला.

वडील लिओ मिलिगन हे आयरिश, ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला आणि हौशी रंगमंचावर रमणारे; मुलाचे मूळ नाव टेरेन्स. बालपण पुणे व रंगून येथे गेले, किशोरवयात कुटुंबासह इंग्लंडला जाणे झाले आणि तेथे जाझ वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणे सुरू झाले. बीबीसीवर १९५१ ते १९६० या काळात गाजलेला ‘द गून शो’ बहुतांशी मिलिगन यांनीच लिहिला व पीटर सेलर्स आणि हॅरी सिकोम्ब यांच्यासह सादर केला.

रेडिओवरील ही कीर्ती मोठी असली, तरी मिलिगन यांचे खरे टिकाऊ काम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील आठवणींचे सात खंड होत. ‘अ‍ॅडॉल्फ हिटलर : माय पार्ट इन हिज डाउनफॉल’ हा पहिला खंड १९७१ मध्ये निघाला आणि शेवटचा १९९१ मध्ये. रोजनिशीतील नोंदी, छायाचित्रे आणि हिटलरच्या तोंडी घातलेले काल्पनिक संवाद यांची येथे अशी सरमिसळ आहे की, वाचक हसत असतानाच पुढच्या परिच्छेदात एखादा सोबती मरून पडलेला असतो. उत्तर आफ्रिकेत त्यांच्या तुकडीची हॉवित्झर, म्हणजे उंच कमानीतून गोळा फेकणारी अवजड तोफ, कड्यावरून घरंगळून खाली उभ्या असलेल्या एका वाहनाच्या अगदी जवळ कोसळली. त्या वाहनात सिकोम्ब होते, आणि तोफ कोणी पाहिली का, अशी चौकशी करत आलेला सैनिक म्हणजे मिलिगन. पुढे जगाला हसवणाऱ्या या दोघांची ही पहिली भेट.

या मालिकेचे मर्म मात्र इटलीत आहे. जानेवारी १९४४ मध्ये मोंते कॅसिनोच्या आघाडीवर उखळी तोफेच्या गोळ्याने मिलिगन जखमी झाले. पायाच्या जखमेपेक्षा मनाचा आघात खोल होता, रडू आवरेना, बोलताना जीभ अडखळू लागली. आज ज्याला आघातोत्तर मनोविकार म्हणतात, त्याची दखल सहानुभूतीने घेण्याऐवजी वरिष्ठांनी त्यांचे लान्स बॉम्बार्डियर हे तोफखान्यातील कनिष्ठ अधिकारपद काढून घेऊन त्यांना साधा गनर केले. या अपमानाची सल लेखनात कोठेही झाकलेली नाही, आणि म्हणूनच या पुस्तकांना केवळ विनोदी म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. आघाडीवरून दूर झाल्यावर ते सैन्याच्या करमणूक पथकांत वाजवू-गाऊ लागले. म्हणजे विनोदी नटाचा व्यवसायच या जखमेतून उगवला, असे मानण्यास आधार आहे.

‘गून शो’च्या ऐन भरात, १९५२ च्या अखेरीस, त्यांना मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले. मनाचा आजार लपवण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या नैराश्याविषयी मुलाखतींतून उघडपणे बोलणे पत्करले आणि १९९३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासह त्यावर पुस्तकही लिहिले. नटाच्या प्रसिद्धीचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. पहिल्या खंडावर निघालेल्या चित्रपटात तरुण मिलिगनची भूमिका जिम डेल यांनी केली, तर स्वतः मिलिगन नगरच्या छावणीत राहिलेल्या आपल्या वडिलांच्या भूमिकेत उभे राहिले, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

मिलिगन यांचे निधन २७ फेब्रुवारी २००२ रोजी झाले. सातही खंड वाचण्यास सवड नसलेल्या वाचकाने निदान १९७८ चा चौथा खंड, ‘मुसोलिनी : हिज पार्ट इन माय डाउनफॉल’, अवश्य वाचावा, कॅसिनोची ती जखम त्यातच आहे.