सांगणे आणि जाब देणे

साथीच्या काळात राज्यकर्त्याला प्रश्न विचारू नयेत, त्याला काम करू द्यावे, असे आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांना वाटते. राज्यशास्त्र शिकवताना हे मत मी विद्यार्थ्यांकडूनही ऐकतो. ते तपासायचे तर २०२० सालचा महाराष्ट्र पाहावा.

उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. घटनेच्या कलम १६४(४) प्रमाणे असा मंत्री सहा महिन्यांत सदस्य झाला नाही, तर त्याचे पद जाते. राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बंद केलेली. मुदत मेअखेर संपणार, आणि मार्चमध्ये कोरोना आला. निवडणुका थांबल्या. ९ एप्रिलला मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालनियुक्त आमदार करण्याची शिफारस केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी तीवर निर्णय दिला नाही. ३० एप्रिलला त्यांनी निवडणूक आयोगालाच निवडणूक घेण्याची विनंती केली. अखेर १४ मे रोजी ठाकरे विधान परिषदेवर बिनविरोध निवडून आले.

ऐन साथीत ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. मी म्हणत नाही. लोकप्रतिनिधी नसलेल्याच्या हाती राज्य फार काळ राहू नये, हा त्या कलमाचा अर्थ आहे आणि साथीने तो बदलत नाही.

पण तेवढ्याने जबाबदारी पुरी होते काय? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या जबाबदारीची फोड केली होती. सरकारची एक तपासणी ठरावीक काळाने मतदार करतो. दुसरी रोजच्या रोज सभागृहात होते, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाने. स्थैर्यापेक्षा जबाबदारीला आपण अधिक मान दिला, म्हणून संसदीय पद्धत स्वीकारली, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

२०२० साली खुर्चीचा प्रश्न वेळेत सुटला. रोजची तपासणी मात्र आटली. विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन १४ मार्चला गुंडाळले गेले. सप्टेंबरचे अधिवेशन दोन दिवसांचे, डिसेंबरचेही दोनच दिवसांचे. या काळात मुख्यमंत्री पडद्यावरून लोकांशी वारंवार बोलले, शांतपणे, घरच्या भाषेत. त्याने अनेकांना धीर आला, हे नाकारू नये. पण पडद्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. सांगणे वेगळे, जाब देणे वेगळे. घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या वडिलांनी जन्मभर साहेबाचे सांगणे ऐकले. साहेबाला विचारण्याची मुभा त्यांना कधी मिळाली नाही. म्हणून हा फरक मला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

दिल्लीतही हेच झाले. देशभरची टाळेबंदी २४ मार्चच्या रात्री चार तासांच्या सूचनेवर लादली गेली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे, गावाकडे पायी निघालेले आणि थकून रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मेले. सप्टेंबरमध्ये संसद भरली. स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची माहिती ठेवलेली नाही, असे लेखी उत्तर श्रम मंत्रालयाने १४ सप्टेंबरला लोकसभेत दिले. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द होता. तो असता, तर एखादा सदस्य उभा राहून पुरवणी प्रश्न विचारू शकला असता : का ठेवली नाही? ठेवण्याचे काम कोणाचे होते?

लेखी प्रश्न निदान पोचला, म्हणून न मोजण्याची गोष्ट तरी कागदावर आली. पुरवणी प्रश्न गेला आणि जबाबदार कोण, हे अंधारात राहिले. ज्यांची प्रेते मोजली जात नाहीत, त्यांना नुकसानभरपाई कशी मिळणार आणि पुढच्या साथीत त्यांची तजवीज कोण करणार? राज्यकर्त्याला काम करू द्यावे, हे खरेच. पण त्याचे काम कुणाच्या वाट्याला आले आणि कुणाच्या आले नाही, हे विचारल्याशिवाय त्यालाही कळत नाही. पुन्हा साथ आली तर दवाखाने उघडे ठेवा म्हणून आपण भांडूच. त्याच यादीत प्रश्नोत्तराचा तासही लिहून ठेवला पाहिजे.